गुंगालिनच्या बाईला मत कधी मिळालं?

ऑस्ट्रेलियात बायकांना मताचा अधिकार कधी मिळाला, असं इथल्या शाळकरी पोराला विचारा, तो 1902 म्हणून मोकळा होईल. पुस्तकात तेच आहे आणि पुस्तक खोटं नाही. फक्त मी जिथं राहते त्या गुंगालिनमध्ये, माझ्यासारख्या बाईपुरतं ते उत्तर लागू पडत नाही. 1902 च्या कायद्यानं आशियाचं नाव घेऊन माझ्यासारखीला बाहेर ठेवलं होतं. आणि पुढं या जागेवर राहायला आलेल्या गोऱ्या बाईचंही मत इथं आल्या आल्या गळून पडत असे. म्हणजे आज मी ज्या मतपत्रिकेवर आकडे भरते, तिच्या आड एकामागे एक तीन अडसर होते. ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी काढले.

गुंगालिन म्हणजे कॅनबेराचं उत्तरेकडचं अंग. ट्राममध्ये बसलं की 12 किलोमीटरवर शहराचा मध्य, तिथून बसनं संसद. आम्ही फ्रँकलिनमध्ये राहतो. घर घेताना नावाची चौकशी कोण करतं? शाळा कुठली, ट्रामचा थांबा किती लांब, एवढंच आम्ही पाहिलं. नंतर कळलं की हे नाव माइल्स फ्रँकलिन या लेखिकेचं. नाव पुरुषी, पण बाई. तिचं बालपण इथून दिसणाऱ्या ब्रिंडाबेला डोंगरांत गेलं. 1901 साली तिची पहिली कादंबरी आली, सिडनीच्या रोझ स्कॉटसारख्या मताधिकारवाल्या बायकांत तिची ऊठबस सुरू झाली, आणि 1906 मध्ये ती अमेरिकेला गेली. शिकागोत कामगार बायकांच्या संघटनेत तिनं बरीच वर्षं काम केलं. गंमत अशी की तिच्या देशातल्या बायका मत देत होत्या आणि ज्या शहरात ती बायकांच्या हक्कांसाठी राबत होती, तिथल्या बायकांना ते अजून नव्हतं. सरहद्द ओलांडली की मत मागं राहतं, ही गोष्ट या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे.

निवडणुकीच्या शनिवारी मी मतदानकेंद्रावर हंगामी कर्मचारी म्हणून बसते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर सॉसेज भाजल्याचा वास, आत रांग. समोर येणाऱ्याला तीनच प्रश्न विचारायचे: पूर्ण नाव काय, पत्ता काय, या निवडणुकीत आधी मत दिलंय का. मग यादीत नाव शोधून खूण करायची, दोन्ही मतपत्रिकांवर आपली आद्याक्षरं टाकायची आणि द्यायच्या. हिरवी प्रतिनिधिगृहाची, पांढरी सिनेटची. ओळखपत्र कुणी मागत नाही, बोटाला शाई नाही. आपल्याकडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हे सगळं फार ढिलं वाटतं. ‘एवढंच?’ असं मला मराठीतून कितीदा तरी विचारून झालंय. मत देणं मात्र सक्तीचं. 1924 पासून तसा कायदा आहे, आणि सबब नसताना दांडी मारली तर 20 डॉलर दंड.

आता मूळ भांडणाकडे येऊ. ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र व्हायच्या आधी इथं सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा. व्हिक्टोरियातल्या बायकांनी 1891 मध्ये दारोदार फिरून जवळजवळ 30,000 सह्या गोळा केल्या. सह्यांचे कागद कापडावर डकवले, त्यांची गुंडाळी केली. ती उलगडली तर 260 मीटर भरते. एवढं करून तिथल्या राज्य निवडणुकीत मत मिळालं ते 1908 साली, सगळ्या राज्यांत शेवटी! दक्षिण ऑस्ट्रेलियात सह्या 11,600 म्हणजे निम्म्याहूनही कमी, पण काम 1894 मध्येच फत्ते. तिथं मेरी ली नावाची आयर्लंडहून आलेली विधवा बाई आघाडीवर होती. त्या विधेयकाची कहाणी मला फार आवडते. एबेनेझर वॉर्ड नावाच्या विरोधकानं सुचवलं की बायकांना मत द्यायचंच आहे तर निवडणुकीला उभं राहायचा हक्कही देऊन टाका. हेतू असा की प्रस्ताव इतका हास्यास्पद होईल की सभासदच तो पाडतील. सभासदांनी तो 31 विरुद्ध 14 मतांनी मंजूर केला. खोडा घालायला गेलेल्या माणसाच्या हातून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बायकांना जगात कुठंच नव्हता असा दुहेरी हक्क मिळाला. न्यूझीलंडनं 1893 मध्ये मत दिलं होतं, पण उमेदवारीसाठी तिथल्या बायकांना 1919 पर्यंत थांबावं लागलं.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात रंगाची अट नव्हती. 1896 च्या निवडणुकीत पॉइंट मॅक्ले या मिशनवरच्या मूळनिवासी स्त्रियांनीही मत दिलं. हे लक्षात ठेवा, कारण सहाच वर्षांत काय झालं ते पुढं आहे.

1901 मध्ये वसाहतींचं राष्ट्र झालं आणि 12 जून 1902 रोजी राष्ट्रीय मताधिकाराचा कायदा आला. पहिली बाजू उजळ. 21 वर्षांवरची स्त्री मत देऊ शकेल आणि संसदेसाठी उभीही राहू शकेल, हे सबंध राष्ट्रासाठी म्हणणारा जगातला हा पहिला कायदा. पुढच्याच वर्षी, 16 डिसेंबर 1903 च्या निवडणुकीत, व्हिडा गोल्डस्टीन सिनेटसाठी उभी राहिली. ती हरली, पण 51,497 मतं घेऊन. दुसरी बाजू कलम 4 मध्ये. ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं नाव मतदारयादीत घालू नये. न्यूझीलंडचा तेवढा अपवाद. माओरींना त्यांच्या देशात मत होतंच, आणि न्यूझीलंड आज ना उद्या आपल्यात येईल ही आशा इथं जिवंत होती. सरकारनं आणलेल्या मूळ मसुद्यात ही मेख नव्हती. ती चर्चेच्या ओघात, एकेका सभागृहानं भर घालत ठोकली. ज्या सभासदांनी बायकांसाठी हात वर केले, त्यांतल्याच कितीतरी जणांनी इथंही केले.

घटनेच्या कलम 41 मध्ये एक फट होती: राज्यात ज्याला मत आहे त्याला राष्ट्रातही नाकारता येणार नाही. पण सरकारचे कायदेपंडित रॉबर्ट गॅरन यांनी त्याचा अर्थ आवळला. 1902 मध्ये जे आधीच राज्याच्या यादीत होते तेवढेच, पुढचे कुणी नाहीत. पॉइंट मॅक्लेच्या बायकांच्या लेकींचा हक्क असा शाईच्या एका फटकाऱ्यानं गेला. गॅरनसाहेबांच्या नावानं कॅनबेरात अख्खं उपनगर आहे.

या दुटप्पीपणाचं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 17 जून 1911, लंडन. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं मताधिकारवाल्या हजारो बायकांची मिरवणूक निघाली. त्यात ऑस्ट्रेलियाची तुकडी होती: व्हिडा गोल्डस्टीन, पंतप्रधान अँड्र्यू फिशर यांची पत्नी मार्गारेट आणि इतर. त्यांचा फलक डोरा मीसन कोट्स या चित्रकर्तीनं गोणपाटासारख्या कापडावर रंगवलेला. त्यावर तरुण ऑस्ट्रेलिया ब्रिटनमातेला सांगतेय की आई, मी बायकांवर विश्वास टाकला, तूही टाक. आज तो इथल्या संसदभवनात आहे. सरकारनं तो 1988 मध्ये लंडनहून मिळवला आणि देशातल्या स्त्रियांना भेट दिला. मुलांना संसद दाखवायला नेलं की मी त्यांना त्याच्यासमोर उभं करते. रंग फिके पडलेत, आणि अपेक्षेपेक्षा तो बराच मोठा आहे.

त्याच मिरवणुकीत, त्याच दिवशी, भारतीय बायकांचीही एक छोटी तुकडी चालली. लोलिता रॉय, भगवती भोलानाथ आणि आणखी काही जणी. अंगावर साड्या, सोबत हत्तीचं चिन्ह असलेला फलक. त्यांचा फोटो उपलब्ध आहे. एका देशाच्या बायका मत मिळवून आलेल्या, दुसऱ्या देशाच्या मताशिवायच्या, आणि दोघी एकाच रस्त्यानं एकच मागणी करत चाललेल्या. पण लोलिताबाई जहाजानं मेलबर्नला येऊन स्थायिक झाल्या असत्या, तर ‘मी बायकांवर विश्वास टाकला’ म्हणणाऱ्या त्या देशानं त्यांचं नाव यादीत घेतलं नसतं. व्हिडाबाईंचं मोठेपण मला मान्य आहे. तरी त्या फलकापुढं हा विचार येतोच.

आशियाचा अडसर निघाला त्यात एक धागा थेट पुण्याचा आहे. गोखल्यांनी 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाज काढला (तारीख ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचीच, वर्ष तीननं पुढचं, योगायोग). गोखले 1915 मध्ये गेल्यावर समाजाची धुरा व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. माणूस तमिळ, संस्था पुण्याची, इंग्रजी वक्तृत्व असं की इंग्रजांनी कान टवकारावेत. 1921 च्या साम्राज्य परिषदेत त्यांनी ठराव करून घेतला की साम्राज्यात कायदेशीरपणे वसलेल्या भारतीयांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत. पुढच्या वर्षी ते ऑस्ट्रेलियात आले, राज्याराज्यांत सभा घेतल्या, मंत्र्यांना भेटले. क्वीन्सलंड आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तर राज्याच्या निवडणुकीतही भारतीयांना मत नव्हतं. आश्वासनं मिळाली, आणि आश्वासनांचं जे होतं ते झालं. मग 1924 मध्ये मेलबर्नला मित्ता बुल्लोश नावाचा भारतीय थेट कोर्टात गेला. राज्याच्या यादीत आपलं नाव आहे, मग राष्ट्राच्या यादीत का नाही? न्यायाधीशांनी त्याचं म्हणणं उचलून धरलं. सरकार अपिलाच्या तयारीत होतं, पण साम्राज्यात शोभा होईल म्हणून मागं फिरलं, आणि 1925 मध्ये कायदाच बदलला: ब्रिटिश हिंदुस्थानच्या रहिवाशांना मत. बाई-पुरुष भेद त्यात नव्हता. तेव्हाच्या ऑस्ट्रेलियात भारतीय बायका इतक्या थोड्या होत्या की कुणी त्यांचा विचारही केला नसेल. चालत्या गाडीत बसायला मिळावं तशा त्या त्या हक्कात बसल्या.

इकडे मुंबई इलाख्यात काय चाललं होतं? 1918 च्या मुंबईच्या खास काँग्रेसमध्ये सरोजिनी नायडूंनी स्त्रियांच्या मताचा ठराव मांडला. ब्रिटिश सरकारनं मताधिकारासाठी नेमलेल्या साऊथबरो समितीनं मात्र भारतीय बायकांना मत देणं अकाली ठरवलं, समाज तयार नाही म्हणून. हे कारण जगात सगळीकडे सारखंच सांगतात. 1919 मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन संसदीय समितीपुढं साक्ष देऊन आल्या. हिराबाईंना या कामाची ओढ लागली ती 1911 मध्ये काश्मिरात. तिथं त्यांना पंजाबच्या महाराजा दलीपसिंगांची मुलगी सोफिया भेटली, तिच्या अंगावर लंडनच्या मताधिकार चळवळीचा बिल्ला होता. लंडननं शेवटी निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रासनं आधी, पाठोपाठ मुंबईनं 1921 मध्ये लिंगाची अट काढली. इलाख्यातल्या चळवळीत पुण्याच्या सेवासदनच्या रमाबाई रानडे पुढं होत्या. पण मालमत्तेची अट राहिली, आणि बायकांच्या नावावर मालमत्ता ती केवढी असणार! 1935 च्या कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर आणखी काही बायकांना आत घेतलं. सरसकट प्रौढ मताधिकार, बाई-पुरुष दोघांना, असं सायमन कमिशनपुढं रोखठोक मांडणारे होते डॉ. आंबेडकर.

त्यामुळे एक चमत्कारिक कोष्टक तयार होतं. 1922 साली पुण्यातल्या जमीनदारणीला मुंबई कौन्सिलसाठी मत होतं. ती मेलबर्नला आली असती तर ते गेलं असतं. 1926 साली मेलबर्नमधल्या एखाद्या फेरीवाल्याच्या भारतीय बायकोला, नावावर फुटकी कवडी नसताना, मत होतं; ती पुण्याला परतली असती तर 1952 पर्यंत गप्प बसली असती.

माझी आजी वाईची. तिचं पहिलं मत त्या 1952 च्या निवडणुकीतलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड. मतपत्रिकेवर काही लिहायचं नाही, पडद्यामागं जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. आजोबांनी बजावून पाठवलं होतं. आजीनं कुठल्या पेटीत टाकलं ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही; आम्ही नातवंडं विचारायचो तर म्हणायची, ‘सांगायचं असतं तर पडदा कशाला लावला असता सरकारनं?’ त्याच निवडणुकीच्या याद्या करताना देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं गळली. त्या ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगत, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचं नाव असल्याशिवाय नोंद नाही, असा हट्ट धरला. त्या वेळी तो कठोर वाटला असेल. मतदानकेंद्रावर बसणारी बाई म्हणून मी सेनांच्या बाजूची आहे.

आता तिसरा अडसर, कॅनबेराचा. राजधानीसाठी न्यू साउथ वेल्समधून तोडलेली ही जमीन 1 जानेवारी 1911 रोजी केंद्राकडे आली, आणि इथले रहिवासी कुठल्याच राज्याचे उरले नाहीत. मतदारसंघ राज्यांचे, म्हणून मतही उरलं नाही. 1927 मध्ये संसद मेलबर्नहून इथं आली, कारकून-टंकलेखकांची बिऱ्हाडं आली. संसदेच्या पायरीवर राहणाऱ्या बाईला त्या संसदेसाठी मत नाही! 1928 मध्ये सरकारनं कॅनबेराकरांचा कौल घेतला तो दारूविक्रीवर. दारू हवी का, हे विचारलं. खासदार कोण हवा, ते नाही. संसदेत एक प्रतिनिधी मिळाला 1949 साली, आणि त्यालाही 1966 पर्यंत फक्त कॅनबेराच्या विषयांवर मत देता येत असे. 1943 मध्ये एनिड लायन्स आणि डोरोथी टँगनी या पहिल्या दोघी बायका संसदेत शिरल्या, तेव्हा कॅनबेराच्या बायका त्यांच्याकडे नुसत्या बघू शकत होत्या. जुन्या संसदभवनाजवळ त्या दोघींचे ब्राँझचे पुतळे 2023 मध्ये बसवले, आत शिरतानाचे. चौथऱ्यावर नाहीत, जमिनीवरच आहेत. लायन्सबाईंशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. या बाईनं बारा मुलांना जन्म दिला होता.

मग मात्र कॅनबेरानं कसर भरून काढली. 1975 मध्ये इथून सिनेटवर गेलेल्या सुझन रायन यांनी पुढं 1984 चा लिंगभेदविरोधी कायदा आणला. 1989 मध्ये इथल्या पहिल्या विधानसभेनं रोझमेरी फॉलेट यांना मुख्यमंत्री केलं. राज्य किंवा प्रदेशाचं सरकार चालवणारी देशातली ही पहिली स्त्री. 2016 मध्ये 25 पैकी 13 आमदार बायका झाल्या, देशात असं कुठंच झालं नव्हतं. आमचा गुंगालिनचा मतदारसंघ येराबी, त्यातून पाच आमदार निवडायचे. मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक टाकायचे आणि साधारण सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं मिळवणारा निवडून येतो. उमेदवारांच्या नावांचा क्रम मतपत्रिकेगणिक बदललेला असतो, म्हणजे वरच्या नावाचा फुकटचा फायदा नाही. या प्रकारच्या मोजणीसाठी आयुष्य घालवलेली बाई कॅथरीन हेलन स्पेन्स; 1897 मध्ये निवडणुकीला उभी राहिलेली ऑस्ट्रेलियातली पहिली स्त्री. तिचं म्हणणं, नुसतं मत मिळून भागत नाही, ते वाया जाता कामा नये. कॅनबेरात स्पेन्स नावाचं उपनगर आहे, पण ते एका कामगार पुढाऱ्याच्या नावाचं.

ज्यांची ही जमीन, त्या ङुनवाल लोकांसह सगळ्या मूळनिवासींना राष्ट्रीय निवडणुकीत सरसकट मत मिळालं 1962 मध्ये. नोंदणी इतरांसारखी सक्तीची झाली 1984 मध्ये. गुंगालिनमध्ये त्यांच्या नावाचंही एक उपनगर आहे, आणि जवळच्या बॉनरला संसदेत बसलेल्या पहिल्या मूळनिवासी माणसाचं, नेव्हिल बॉनर यांचं, नाव दिलंय.

आमच्यातल्या बऱ्याच जणी इथं कायमच्या रहिवासी आहेत, नागरिक नाहीत. कर भरतात, शाळेच्या समितीत असतात, मत नाही. कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथलं मत घ्यायचं तर तिकडचं सोडायचं. एक मैत्रीण म्हणते, ‘आईबाबा आहेत तोवर नाही गं सोडवत पासपोर्ट.’ तिला काय सांगणार? मी सोडला तेव्हा वाईच्या यादीतलं माझं नाव आपोआप परकं झालं.

एवढ्या सगळ्यातून आलेलं माझं हे मत तरी आता पुरं आहे का? घटनादुरुस्तीच्या जनमतात कॅनबेराला 1977 पर्यंत भागच नव्हता, म्हणजे मूळनिवासींबाबतच्या 1967 च्या गाजलेल्या जनमतातही नाही. दुरुस्ती मंजूर व्हायला दोन गोष्टी लागतात: देशभरात बहुमत, आणि सहापैकी चार राज्यांत बहुमत. आमचं मत फक्त पहिल्या बेरजेत धरतात, कारण आम्ही राज्य नाही. 14 ऑक्टोबर 2023 रोजी मूळनिवासींच्या सल्लागार मंडळासाठी जनमत झालं. सहाही राज्यांनी ‘नाही’ म्हटलं. ‘हो’ म्हणणारा कॅनबेराचा प्रदेश एकटा, तोही 60 टक्क्यांहून जास्त मतांनी, आणि राज्यांच्या मोजणीत त्या कौलासाठी रकानाच नव्हता.